परक्याचा कोट

लेकीनं फोनवर पहिली अट घातली ती सुती कापडाची. "मम्मी, सुती काही आणायचं नाही. पप्पांचा बनियनसुद्धा नाही." मी म्हटलं, "मग काय पोतं गुंडाळून येऊ?" नांदेडात माझं बालपण गेलं ते गिरणीच्या भोंग्यावर. भोंगा झाला की शाळेला निघायचं, भोंगा झाला की वडील घरी यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. ऊन, पाऊस, लग्न, मयत, सगळ्याला आम्ही सुतीच घातलं. आणि ही पोरगी मला शिकवते की सुती कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून थंडीत ते माणसाचं वैरी. वैरी हा शब्द माझा. ती आपली नुसतं "चालत नाही" म्हणाली.

ती नॉर्वेत नोकरीला आहे. तिथल्या किनाऱ्यानं उत्तरेला जाणारी मोठी जहाजं असतात. आठवडाभर खायचं, झोपायचं आणि बर्फाचे डोंगर बघत बसायचं. फेब्रुवारीत तिनं आम्हा दोघांना त्या जहाजावर न्यायचं ठरवलं. माझ्यासाठी नाही, हे मी पहिल्यापासून ओळखून होते. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढला. उंदरानं कुरतडलेल्या धोतराच्या काठासारखा, असं ते मुलांना सांगायचे. त्या कुरतडलेल्या जागा म्हणजे फियॉर्ड, हिमनद्यांनी डोंगर कोरून समुद्र आत आणला ती ठिकाणं. लेक लहान असताना पाटीवर तेच गिरवायची. "पप्पांनी एवढे फियॉर्ड काढले, एक तरी डोळ्यांनी बघू दे," ती म्हणाली. हे फोनपाशीच बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून जुना नकाशा काढून भिंतीला लावला.

मग तयारी सुरू झाली. लेकीनं सांगितलं, कपडे तीन थरांत घालायचे. आतला थर अंगाला चिकटून, लोकरीचा. मधला जाड, ऊब धरणारा. बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. यांना हे फारच पसंत पडलं. शिकवायचं सोडून इतकी वर्षं झाली तरी थर म्हटलं की यांचा हात खडू शोधतो. जेवताना मला विचारायचे, "सांग, मधल्या थराचं काम काय?" मी म्हणायची, "भाजी वाढू का?"

नांदेडात थंडीचे चार दिवस असतात. त्या चार दिवसांसाठी तिबेटी बायका रस्त्याच्या कडेला स्वेटर मांडून बसतात आणि संक्रांत उलटली की गाशा गुंडाळतात. आम्ही अगदी शेवटच्या टोकाला पोचलो. त्यातल्या एकीनं विचारलं, कहाँ जा रहे, काश्मीर? हे छाती काढून म्हणाले, "उससे भी ऊपर." तिनं लगेच दोन कानटोप्या काढल्या. कान आणि तळपाय बांधले की थंडी आत शिरत नाही, हे तिलाही ठाऊक आणि आम्हालाही. लोकरीचे मोजे घेतले, दोन मोजे एकावर एक मावतील असे एक नंबर मोठे बूट घेतले, हातमोजे घेतले, ओठांना लावायचं मलम घेतलं. जहाज हलतं म्हणून उलटीच्या गोळ्या घेतल्या. लेकीनं पोहायचे कपडे पण आणायला सांगितले, कारण जहाजाच्या वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा हौद असतो आणि लोक बर्फ पडत असताना त्यात बसतात. ते ऐकून हे इतके गंभीर झाले की मला हसू आवरेना. पोहायचे कपडे तेवढे आम्ही विसरलो.

माझा प्रश्न साडीचा होता. मी शाळेत, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे साडीतच वावरलेली बाई. लेक म्हणाली पँट घाल. घालीन, पण पहिल्याच झटक्यात नाही, म्हणून आतला गरम पायजमा चढवून त्यावर साडी नेसून बघितली. नांदेडचा दुपारचा प्रहर, पंखा पाचवर, आणि मी आतून लोकरीची, बाहेरून सुती. घाम असा फुटला की लेकीचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं. हे तर सगळे थर चढवून, कानटोपी घालून पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायचे. शेजारीण दूध घ्यायला बाहेर आली ती किंचाळलीच.

फक्त बाहेरचा कोट आम्ही घेतला नाही. लेक म्हणाली, "तिकडचे कोट इकडे कामाचे नाहीत. कोटाचं मी बघते." मी बरं म्हटलं. पण कोट हा शब्द आमच्या घरात आला की मी जरा सावध होते. यांच्याकडे बघितलं. ते बुटाची नाडी ओवत होते. "नवा घेईल ना ती?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाहीतर काय, जुना घेईल?"

यांनी असं का विचारलं ते मला माहीत होतं, आणि लेकीला माहीत नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा मी बाळंतपणाला नांदेडला माहेरी होते. लेक अगदी तान्ही, सव्वा महिनाही झाला नव्हता. हे लातूरला नोकरीवर, एका खोलीत राहायचे. सासूबाई औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूच्या आमच्या गावी, दगडमातीच्या घरात एकट्या. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. हे मिळेल त्या वाहनानं, शेवटी पायी, गावात पोचले तेव्हा गाव नव्हतं, दगडांचे ढीग होते. शेजाऱ्यांनी सासूबाईंना आधीच बाहेर काढलं होतं. बाभळीखाली बसल्या होत्या. डोक्यात माती, छातीला मार, पण जिवंत. लेकाकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं ते, बाळ-बाळंतीण कशी हाय.

मग पाऊस लागला. माती आणि पाऊस आणि त्यात माणसं शोधणारी माणसं. शहरांतून मदतीच्या गाड्या आल्या. अन्न आलं, औषधं आली, आणि कपडेही आले. देणाऱ्यांनी मनापासून दिले असतील, पण कपाटं उपसून जे निघालं ते आलं. सूट, टाय, झालरीचे फ्रॉक, थंड हवेच्या ठिकाणी घालायचे स्वेटर. गावाला हवी होती लुगडी, धोतरं, आणि मेलेल्यांवर पांघरायला काहीतरी. रस्त्याच्या कडेला त्या कपड्यांचा ढीग चिखलात पडून होता. सासूबाई ओल्या लुगड्यात थरथर कापत होत्या, म्हणून यांनी त्या ढिगातून एक काळा, लांब, जड कोट ओढून काढला.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा हाय रे ह्यो? मेलेल्याचा असंल. नगं मला."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी देऊन टाकतात नाहीतर नदीत सोडतात, आणि दुसऱ्याच्या घरचे असे कपडे कुणी जाणूनबुजून अंगाला लावत नाही. यांनी ऐकलं नाही. लहान मुलाचे हात बाहीत घालावेत तसे आईचे हात घातले. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून लातूरला नेताना, औसा ओलांडल्यावर, सासूबाई गेल्या. छातीचा मार होता, कुठल्याही डॉक्टरनं तेच सांगितलं असतं. पण माझी मोठी नणंद, आक्का, देवणीकडून धावत आली होती. तिनं आईला त्या कोटात बघितलं आणि हंबरडा फोडून म्हणाली, "मेलेल्याचा कोट घातलास रे मायला."

हे सगळं, काही शेजाऱ्यांकडून ऐकलेलं, काही स्वतः बघितलेलं, मला आक्कांनीच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, डोळ्याला पदर लावून. दुःखात तोंडातून निघून गेलं, म्हणाल्या. त्यांच्या तोंडातून निघालं आणि त्या विसरल्याही असत्या. यांनी मात्र ते उचलून ठेवलं. माझ्याजवळ या विषयावर एक अक्षर कधी काढलं नाही. वर्षभरात बदली मागून नांदेडला आले. तेव्हापासून यांच्या अंगावर मी कोट बघितला नाही, आणि घरात कुणाचंही उतरलेलं कापड आलं नाही. माझ्या बहिणीच्या मुलीचे झबले-टोपडे आमच्या लेकीला चालले नाहीत. माझ्या माहेरचे यांना शिष्ट म्हणायचे. मी भांडायचे त्यांच्याशी, पण कारण सांगायचे नाही.

लेक दहावीला चांगली चमकली. तो काळ असा की हुशार मूल म्हटलं की त्याची ट्रंक लातूरच्या गाडीवर चढायची. नांदेडातही गल्लोगल्ली क्लास निघाले होते, भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो, तरी लातूर ते लातूर. मला वाटलं हे नाही म्हणतील. यांनी स्वतः तिची गादी बांधली, बादली घेतली, टेबलावरचा दिवा घेतला आणि तिला लातूरच्या एका वसतिगृहात सोडून आले. एकच सांगणं सांगितलं, "उपाशी राहा, पण कुणाचं कापड अंगाला लावू नको."

मुलींच्या खोलीत असं कुठं चालतं? डिसेंबरात तिनं फोन केला, थंडी आहे, खोलीतल्या मैत्रिणीचा स्वेटर घातला. यांनी फोन ठेवला आणि पहिल्या एसटीनं नवा स्वेटर घेऊन लातूर गाठलं. वसतिगृहाच्या फाटकात उभं राहून तिला अंगातला स्वेटर काढायला लावला, आणलेला घालायला दिला आणि उलट पावली परत आले. मुली खिडकीतून बघत होत्या. सुट्टीत घरी आल्यावर तिनं यांना चांगलंच सुनावलं. "पप्पा, कुठल्या जमान्यात आहात? एवढं कसलं सोवळं?" हे हसले. "हाव, हाय माझं सोवळं," म्हणाले. तिनं तेच खरं धरलं. माझा बाप शिकलेला आहे, मुलीला पुढं घालणारा आहे, फक्त कपड्यांच्या बाबतीत जुनाट आहे. आम्हीही तिला ते धरू दिलं. तिच्या जन्माचं वर्ष आणि आजीच्या मरणाचं वर्ष एकच, त्यात आणखी कशाला भर घालायची, असं मला वाटायचं.

हैदराबादहून विमान पकडून, दोन ठिकाणी बदलून आम्ही तिच्याकडे पोचलो आणि तिसऱ्या दिवशी जहाजावर चढलो. आमची खोली छोटी पण ऊबदार होती. लेकीनं पलंगावर तीन कोट मांडले. एक लाल, तिचा. एक करडा, माझ्यासाठी, तिच्या घरमालकिणीचा. आणि एक गडद निळा, यांच्यासाठी. जड होता, आतून मऊ, टोपीला लोकरीची कड.

"कुणाचा?" यांनी विचारलं.

लेक कौतुकानं सांगायला लागली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांचा. ते मासेमारीच्या बोटीवर असायचे, याच समुद्रात. असा कोट आता दुकानात मिळत नाही. मागच्या वर्षी ते गेले. मैत्रिणीनं कोट जपून ठेवला होता. "तिला सांगितलं माझे पप्पा भूगोलाचे सर आहेत, पहिल्यांदा फियॉर्ड बघणार आहेत. तर तिनं स्वतःहून आणून दिला. आठवड्यापुरता नवा कशाला घ्यायचा, म्हणाली. माझ्या बाबांच्या कोटाला पण पुन्हा समुद्र दिसेल."

यांनी कोटावरून हात फिरवला, नीट हँगरला लावला आणि म्हणाले, "छान आहे. तिला माझा नमस्कार सांग."

तो कोट त्यानंतर त्या हँगरवरून हलला नाही. हे सगळे स्वेटर चढवून जहाजाच्या पुढच्या मोठ्या दालनात, काचेपाशी बसून राहायचे. बाहेर पांढरे डोंगर सरकायचे, काळं पाणी, किनाऱ्याला आगपेटीएवढी लाल घरं. हे काचेवर बोट ठेवून मला सांगायचे, ही बघ हिमनदीनं कोरलेली दरी, तळ कसा सपाट आहे बघ. आवाजात तोच वर्गातला उत्साह. दार उघडून बाहेर जायचं म्हटलं की गुडघा दुखायचा, खोकला यायचा. एकदा नुसत्या स्वेटरवर बाहेर गेले. वारा असा आरपार गेला की लगेच परतले, ओठ निळे पडले होते. बाहेरच्या थराचं काम काय ते त्या वाऱ्यानं सांगितलं.

एका बंदरावर जहाज थांबलं तेव्हा मी लेकीला म्हटलं, "इथं दुकान असेल तर पप्पांना नवा कोट घेऊ." तिचा चेहरा उतरला. "मम्मी, मेलेल्या वडिलांचा कोट माणूस कुणाला देतो का गं? तिनं दिला. आणि मी तिला जाऊन सांगू, पप्पांना नाही आवडला?" यांनी ते ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "राहू दे. पोरीचं मन मोडू नको." मग मी म्हटलं, मी सांगू का तिला? हे नुसतंच माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की मला माहीत आहे हे यांना माहीत होतं. "नको," म्हणाले. तिला सांगावं असं मला दिवसातून दहादा वाटायचं. यांचा रागही यायचा. एवढ्या लांब आलो, पोरीनं एवढ्या हौसेनं आणलं, आणि हा माणूस घरच्यासारखा खिडकीत बसलाय. मग त्यांचं काचेवरचं बोट दिसायचं आणि माझा राग कुठल्या कुठे जायचा.

परतायच्या आदल्या दुपारी जहाज एका अरुंद फियॉर्डमध्ये शिरणार होतं. दोन्हीकडे उभे कडे आणि मधे जेमतेम जहाजापुरतं पाणी. कर्ण्यावरून सांगितलं तसे सगळे लोक बाहेर धावले. दालन रिकामं झालं. लेक हातात निळा कोट घेऊनच आली.

"पप्पा, आता तरी चला."

"इथून दिसतंय की."

"नाही दिसत. काचेतून काय, घरी टीव्हीवर पण दिसतं." तिचा आवाज चढला. "धुतलेला आहे. स्वच्छ आहे. काय होणार आहे घातला तर? लहानपणापासून बघतेय, याचा नको, त्याचा नको. माणसं काय विटाळलेली असतात का? तुमच्यासाठी केलं मी हे सगळं."

हे खाली बघत होते. मी म्हटलं, "अगं, तसं नाही ते." ती म्हणाली, "मग कसं आहे?" मी यांच्याकडे बघितलं.

तिचे डोळे भरून आले. तिनं निळा कोट खुर्चीवर टाकला, मग स्वतःच्या अंगातला लाल कोटही काढून शेजारी टाकला. "तुम्ही नाही ना घालत? मग मीही नाही." आणि पातळ स्वेटरवर दार ढकलून बाहेर गेली. बापाचा हट्ट पोरीत पुरेपूर उतरलाय.

काचेतून ती दिसत होती. कठड्यापाशी, आमच्याकडे पाठ करून. कानांवर काही नाही, केस वाऱ्यावर. आधी ताठ उभी राहिली. मग खांदे आखडले, हात काखेत गेले, आणि ती कापायला लागली. काचेतून आवाज येत नव्हता, नुसतं तिचं कापणं दिसत होतं.

हे उठले. "कुडकुडून राहिली ती," म्हणाले, तेही मला नाही. हाताला लागला तो निळा कोट उचलून दाराकडे गेले. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता. मी लाल कोट घेऊन मागे धावले.

बाहेर वाऱ्यानं श्वास कोंडला. हे तिच्या मागे जाऊन उभे राहिले, कोट दोन्ही हातांनी उघडून धरला, आता घालणार, आणि हात तिथेच थांबले. तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. कोट वाऱ्यानं फडफडत होता. मी बघत होते, यांना तो पुढे नेता येईना. लेकीनं वळून बघितलं. बापाचा चेहरा तिनं असा कधी बघितला नसेल. मीही नव्हता बघितला.

मग यांनी तो कोट स्वतःच्या अंगात घातला. एक बाही, दुसरी बाही. बटणं लावली नाहीत. तिला जवळ ओढलं, कोटाच्या आत घेतलं आणि दोन्ही बाजू तिच्या पाठीवर घट्ट धरल्या. ती एवढी उंच पोर, पण मावली. मी लाल कोट वरून दोघांवर टाकला आणि तो उडू नये म्हणून धरून उभी राहिले.

"मायला नुसता कोट दिला मी," हे म्हणाले. "असं आत घेतलं न्हाई."

लेक हलली नाही.

"लई थंडी वाजून राहिली व्हती तिला. म्हनत व्हती, बस की रे माझ्यापाशी जरा. मी कोट घातला अन् निघून गेलो. गल्लीतली मानसं दगडाखाली व्हती, ती काढायला गेलो. दिवसभर. ती बसली तितंच, बाभळीखाली. एकटी."

इतकी वर्षं आक्कांना वाटलं त्यांचा शब्द यांना लागला. मला वाटलं मेलेल्याच्या कापडाची भीती बसली. कापडाचं काही नव्हतंच. आईनं बस म्हटलं होतं आणि हे बसले नव्हते, आणि ते बोलता येत नव्हतं म्हणून सगळ्या जगाचे कपडे यांनी घराबाहेर ठेवले होते. मला रडू फुटलं. फियॉर्डचे कडे अगदी जवळून सरकत होते, लोक फोटो काढत होते, आणि यांची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकलेली होती.

कोटाच्या आतून लेकीचा आवाज आला.

"मग पप्पा, दगडाखालून निघालं का कुणी?"

"न्हाई," हे म्हणाले. "जितं कुनीच न्हाई."